बशीतल्या पेशी आणि डोक्यातला मेंदू

ऐरोलीहून एका मामांनी विचारलंय. त्यांचं पत्र थोडक्यात असं:

"भाचा १९ वर्षांचा, कळव्याला असतो. पाच आठवड्यांपूर्वी ताप, डोकेदुखी, दोन दिवस असंबद्ध बोलणं आणि मग झटका. हर्पिसचा मेंदूज्वर निघाला. २१ दिवस सलाईनमधून ॲसायक्लोविर दिलं. आता घरी आहे, पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही. मी महापेला केमिकल कंपनीत प्रॉडक्शनला आहे. तीन रात्री बसून वाचलं. जंताची गोळी, मुरुमांची अँटिबायोटिक, हिपॅटायटिसची गोळी, मलेरियाची गोळी, या सगळ्यांनी विषाणूपासून मेंदूच्या पेशी वाचतात असं प्रयोगांत दिसलंय. मग डॉक्टरांनी यातलं एकही का दिलं नाही? निदान उरलेल्या पेशींसाठी आता सुरू करू का? मिनोसायक्लिनच्या दोन स्ट्रिप आणून ठेवल्यात. बाकी तब्येत ठीक. चार दिवसांपासून झोपत नाही, चिडतो, आई जेवणात काहीतरी कालवते म्हणतो. अशक्तपणामुळे असेल."

मामा, तुम्ही सर्वांत महत्त्वाचं वाक्य शेवटी आणि सर्वांत हलक्या आवाजात लिहिलंय. पाचवा आठवडा, झोप उडालेली, आईवर संशय. हा अशक्तपणा नाही. हे वाचून होण्याची वाट न बघता त्याला ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडे आजच घेऊन जा. ते भेटत नसतील तर जिथे मेंदूविकारतज्ज्ञ आणि आयसीयू दोन्ही आहे अशा कुठल्याही हॉस्पिटलात न्या. कारण पुढे सांगतो, पण ताईंना फोन आधी करा.

आता तुमचा मूळ प्रश्न. तो मला ठाण्यात डॉक्टर म्हणून चोवीस वर्षं या ना त्या रूपात विचारला जातोय. पूर्वी पेपरातलं कात्रण असायचं, आता मोबाईल पुढे करतात. तुम्ही वाचलंत ते खोटं नाही. ते प्रयोग खरे आहेत आणि चांगल्या लोकांनी केलेले आहेत. गडबड आहे ती 'मेंदूच्या पेशी वाचतात' या तीन शब्दांत. कुठे वाचतात, कधी वाचतात आणि कशापासून वाचतात, हे त्या शब्दांत येत नाही.

डासांतून पसरणाऱ्या झिका विषाणूचंच उदाहरण घ्या. जंताची गोळी तिथूनच आली आहे. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये गर्भारपणात झिका झालेल्या आयांच्या पोटी लहान डोक्याची बाळं जन्माला येऊ लागली आणि १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. नवं औषध शोधायला दहा वर्षं जातात, म्हणून अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांनी उलटा रस्ता धरला. आधीपासून तयार असलेली सुमारे ६,००० संयुगं घेतली आणि मेंदू घडवणाऱ्या मानवी मूळपेशी काचेच्या बशीत वाढवून, त्यांना झिकाची लागण करून, एकेक संयुग त्यांच्यावर घालून पाहिलं. त्याच वर्षी निकाल आले. दोन नावं पुढे आली: निक्लोसामाइड आणि एमरिकासान.

तुम्ही प्रॉडक्शनचे, म्हणून तुम्हाला यातला फरक लगेच कळेल. निक्लोसामाइडने विषाणूची पैदास थांबवली, म्हणजे त्याने फीडचा, रिॲक्टरमध्ये येणाऱ्या मालाचा, व्हॉल्व्ह बंद केला. एमरिकासानने विषाणूला हातही लावला नाही. लागण झालेली पेशी आत्मघाताचं बटण दाबते, ते बटण त्याने जाम केलं. म्हणजे फीड चालूच, फक्त रिॲक्टर फुटू दिला नाही. दोन्हींना बातमीत 'पेशी वाचवणारं औषध' म्हटलं गेलं. पण ज्या पेशीत विषाणू अजून पिल्लं घालतोय ती पेशी जगवणं दर वेळी शहाणपणाचं असेलच असं नाही. पेशीची आत्महत्या ही कित्येकदा शरीराची आग विझवण्याचीच रीत असते.

आता निक्लोसामाइड. पट्टकृमीवरचं जुनं, स्वस्त औषध. ते जंतावर चांगलं का? कारण आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही. जंत आतड्यात, औषध आतड्यात, बाकी माणसाला त्रास नाही. त्याचा हाच गुण मेंदूच्या बाबतीत अवगुण ठरतो. गोळी गिळली, ती रक्तातच नीट पोचली नाही, तर मेंदूत काय पोचणार? बशीत हा प्रश्न येत नाही, कारण बशीत औषध थेट पेशीच्या अंगावर ओततात.

आणि रक्तात पोचलं तरी पुढे दार आहेच. मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की मधून काही झिरपत नाही. वर त्या भिंतीत पंप बसवलेले आहेत. आत घुसलेला परका रेणू ते उचलून परत रक्तात फेकतात. आयव्हरमेक्टिन हे त्यातलं ठळक उदाहरण. माणसाला ते सोसतं ते या पंपामुळेच. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत हा पंप जन्मतः बिघडलेला असतो, आणि त्यांना हेच औषध जास्त दिलं की ती लडखडतात, बेशुद्ध पडतात, मरतातही. जुलाबावरची लोपरामाइडची गोळी खरं तर अफूच्या कुळातली. पण पंप तिला मेंदूत येऊ देत नाही, म्हणून आपण ती खाऊन निवांत लोकलला उभे राहू शकतो. सांगायचा मुद्दा असा की बाजारातली कित्येक औषधं 'सुरक्षित' ठरली आहेत ती मेंदूत जात नाहीत म्हणूनच. त्यांनाच मेंदूत कामाला लावायचं म्हटलं की त्या सुरक्षिततेचा दाखला रद्द होतो. हे बातमीत कुणी लिहीत नाही.

मलेरियाच्या गोळीचं प्रकरण तर आपण सगळ्यांनी २०२० मध्ये अंगावर काढलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने कोविडचा विषाणू बशीत थांबला, पण ती बशी माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींची होती. त्या पेशींत विषाणू ज्या आम्लधर्मी पिशवीतून शिरतो, तिचं आम्ल ही गोळी मारते. माणसाच्या फुप्फुसातल्या पेशींत विषाणूला दुसरं दार उघडं असतं, तिथे आम्लाची गरजच नाही. फुप्फुसाच्या पेशींवर करून पाहिलं तेव्हा गोळीचा परिणाम गायब. २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, आणि तुम्ही रसायनवाले असल्यामुळे ती तुम्हाला आवडेल. एका टोकाला तेलकट आणि दुसऱ्या टोकाला धनभार असलेले रेणू पेशीत साठतात आणि पेशीच्या चरबीची घडी विस्कटतात. अशा विस्कटलेल्या पेशीत विषाणूला नीट वाढता येत नाही. त्यामुळे बशीत अशी डझनावारी औषधं 'विषाणूरोधक' दिसली. प्रत्यक्षात त्यांनी विषाणूला काही केलंच नव्हतं, पेशीचं घर बिघडवलं होतं. झिकाच्या वेळी मेंदूच्या पेशींवर चांगली दिसलेली क्लोरोक्विनही याच बांध्याची आहे. म्हणून हल्ली 'अमुक जुन्या औषधाने बशीत विषाणू ९० टक्के घटला' असं वाचलं की मी आधी त्या रेणूचं चित्र काढून बघतो.

आता तुमच्या कपाटातल्या मिनोसायक्लिनकडे येऊ. इथे जरा थांबतो, कारण या औषधाबद्दल मला स्वतःला एके काळी फार आशा होती.

मिनोसायक्लिन टेट्रासायक्लिनच्या घराण्यातलं, मुरुमांवर दिलं जाणारं. त्यात दोन गुण जमून आलेत. ते मेंदूत बऱ्यापैकी शिरतं, आणि मेंदूतल्या पहारेकरी पेशींना शांत करतं. मेंदूज्वरात विषाणू जितकं नुकसान करतो, जवळजवळ तितकंच हे भडकलेले पहारेकरी करतात, त्यामुळे कल्पना चांगलीच होती. आपल्याकडे मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात २००८ च्या सुमारास जपानी मेंदूज्वर दिलेल्या उंदरांवर हे करून पाहिलं. उंदीर जगले, त्यांच्या मेंदूत विषाणूही कमी सापडला. मी तो लेख छापून घेतला होता. कळव्याच्या बाजूच्या, मुरबाड-शहापूरकडच्या पोरांना घेऊन आयसीयूच्या दाराशी उभे राहिलेले आईबाप डोळ्यांसमोर होते. वाटलं, स्वस्त गोळी, दुकानात मिळणारी, हेच हवं होतं.

मग माणसांत चाचणी झाली, लखनौला. अचानक मेंदूज्वर झालेले २८१ रुग्ण. अर्ध्यांना मिनोसायक्लिन, अर्ध्यांना बिनऔषधाची तशीच दिसणारी गोळी. २०१६ मध्ये निकाल छापून आला. तीन महिन्यांनंतरच्या मृत्यूंत ठाम म्हणावा असा फरक नव्हता. जे पहिला दिवस तगले त्यांच्यात थोडा कल गोळीच्या बाजूने दिसला. कल म्हणजे कल, पुरावा नव्हे.

उंदीर जगले आणि माणसं का नाहीत? मुख्य कारण घड्याळ. उंदराला विषाणू कधी टोचला हे शास्त्रज्ञाला मिनिटाला धरून माहीत असतं, आणि औषध लक्षणं दिसायच्या आधीच सुरू होतं. माणसाला डास चावतो, मग ५ ते १५ दिवस काहीच कळत नाही, मग ताप येतो, मग गल्लीतल्या डॉक्टरांची तीन दिवसांची औषधं, मग बडबड, मग झटका, मग हॉस्पिटल. आम्ही पहिली बाटली लावतो तेव्हा उंदराच्या वेळापत्रकाप्रमाणे खेळ आटोपलेला असतो. पेशी मरायच्या आधी त्यांना वाचवणारं औषध पेशी मेल्यावर देऊन काय साधणार?

दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे. हेच मिनोसायक्लिन कॅनडात रेबीजच्या उंदरांना दिलं, तर ते जास्त मेले. पहारेकरी शांत केले आणि शत्रूला मोकळं रान मिळालं. स्नायू झिजवणाऱ्या एएलएस या आजारात ते ४१२ रुग्णांना देऊन पाहिलं. २००७ चा निकाल: गोळी घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त वेगाने ढासळली. या रुग्णांपैकी कुणीही 'घेतली तर काय बिघडतंय' असंच मनात म्हणत असणार. एचआयव्हीमुळे बुद्धी मंदावलेल्यांतही ते दिलं, उपयोग झाला नाही. म्हणून 'जुनी गोळी आहे, साइड इफेक्ट माहीत आहेत, देऊन बघू' हे वाक्य मी खोलीत बोलू देत नाही. साइड इफेक्ट मुरुम असलेल्या निरोगी मुलांतले माहीत आहेत. सुजलेल्या मेंदूतले वेगळे निघू शकतात.

बाकीची यादी भरभर उरकतो. मलेरियाच्याच मेफ्लोक्विनने मेंदूला ग्रासणारा जेसी विषाणू बशीत थांबत होता, आणि ते मेंदूतही छान पोचतं. माणसांत चाचणी मधेच थांबवावी लागली, फायदा दिसेना. नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन मुलांचे हातपाय लुळे पाडणाऱ्या एका एन्टेरोविषाणूवर बशीत चाललं, त्या लुळ्या पडलेल्या हातापायांवर नाही. इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर स्वतःच बनवतं ते प्रथिन, व्हिएतनाममध्ये ११२ मुलांना जपानी मेंदूज्वरात दिलं, उपयोग शून्य. हिपॅटायटिसची सोफोसबुविर अजून झिकाच्या प्रयोगांपुरतीच आहे आणि तुमच्या भाच्याचा विषाणू त्या कुळातलाच नाही. ती आरएनए विषाणूंची यंत्रणा अडवते, हर्पिस डीएनएवाला. रेबीजवर २००४ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला केटामाइन, अमांटाडिन, रिबाविरिन अशी जुन्या औषधांची मोट बांधून एका १५ वर्षांच्या मुलीला बेशुद्ध ठेवून वाचवलं, जगभर गाजलं. नंतर तीच मोट अनेकांवर बांधली, आणि जवळजवळ सगळीकडे हात टेकावे लागले. तेव्हा कुत्रं चावलं की साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लस-इंजेक्शन घ्या, या मोटीच्या भरवशावर राहू नका. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ठाण्यात राहतो म्हटल्यावर सांगणं आलंच.

मग जुनं औषध नव्या कामाला लावणं हा सगळा भंपकपणा आहे का? मुळीच नाही, आणि इथे तुमचा डॉक्टरांवरचा राग थोडा शांत व्हावा अशी माझी इच्छा आहे. तुमच्या भाच्याला जे ॲसायक्लोविर दिलं, त्याच्या घराण्याचा इतिहासच मुळी जुन्या औषधांना नवं काम देण्याचा आहे.

१९५९ मध्ये विल्यम प्रुसॉफ या शास्त्रज्ञाने कर्करोगासाठी आयडॉक्सयुरिडिन बनवलं. कर्करोगावर ते चाललं नाही, पण डोळ्यातल्या हर्पिसवर थेंब म्हणून चाललं. मग कुणीतरी तुमच्यासारखाच विचार केला: डोळ्यात चालतं, मग मेंदूत का नाही? शिरेतून दिलं. रुग्णांच्या हाडातली मज्जा करपली आणि विषाणू होता तिथेच राहिला. चाचणी बंद. मग विडाराबिन, तेही मूळचं कर्करोगासाठी बनलेलं. त्याने मात्र मेंदूज्वरात पहिल्यांदा माणसं वाचली. आणि मग ॲसायक्लोविर आलं. १९८६ च्या अमेरिकन चाचणीत विडाराबिनवर ५४ टक्के रुग्ण दगावले, ॲसायक्लोविरवर २८ टक्के. औषधच नव्हतं तेव्हा सुमारे ७० टक्के जायचे.

ॲसायक्लोविरची करामत अशी की ते निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय पडून असतं. त्याला जागं करणारं विकर (एन्झाइम) हर्पिसचा विषाणू स्वतःच बनवतो. चोराच्याच किल्लीने उघडणारा सापळा. त्यामुळे ज्या पेशीत चोर आहे तिथेच तो मिटतो. शिवाय रक्तातल्या पातळीच्या साधारण निम्मं ते मेंदूच्या पाण्यात पोचतं. बाकी त्या बशीतल्या कुठल्याही गोळीकडे हे दोन्ही एकत्र नाही. तुमच्या भाच्याला मिळालं ते काही कमी प्रतीचं नव्हतं.

पण त्यालाही घड्याळ लागूच आहे. फ्रान्समधल्या रुग्णांचा अभ्यास सांगतो की दाखल झाल्यावर दोन दिवसांहून जास्त उशिरा ॲसायक्लोविर सुरू झालं तर परिणाम वाईट. मला त्यासाठी फ्रान्सला जायची गरज नव्हती. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, नौपाड्यातल्याच. चहात मीठ घातलं, नवऱ्याला भाऊ म्हणाल्या, अंगात थोडी कणकण. घरच्यांना वाटलं टेन्शन. मला मेंदूज्वराची शंका आली होती, पण रात्रीचे दहा वाजले होते, एमआरआय सकाळी होणार होता, आणि मी म्हटलं, फोटो बघू मग सुरू करू. सकाळी सहाला त्यांना झटका आला. त्या वाचल्या. पण आज त्यांना स्वतःच्या मुलीचं लग्न आठवत नाही, अल्बम पाहून त्या ते शिकल्या आहेत. त्या रात्रीचे आठ तास माझ्या नावावर आहेत. तेव्हापासून माझा नियम: ताप आणि वागण्यात बदल एकत्र दिसला की ॲसायक्लोविर आधी, तपासण्या मागून. विषाणू नाही निघाला तर दोन दिवसांनी बंद करता येतं. भरपूर सलाईन द्यायचं, बाटली तासभर सावकाश सोडायची, मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं, एवढंच.

आणि नातेवाइकांना सांगतो, 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा आडवा होतो' हे डोक्यातून काढा. त्या पाण्याशिवाय निदान नाही. सह्या करायला गावाहून काकांची वाट बघण्यात गेलेल्या दुपारी मी खूप पाहिल्यात. आणि पहिल्या तीन दिवसांत पीसीआर, म्हणजे त्या पाण्यात विषाणू शोधणारी तपासणी, कोरी आली, तरी लक्षणं पटत असतील तर पुन्हा पाणी काढावं लागतं. त्यावरून डॉक्टरांशी भांडू नका.

एक किस्सा राहिलाच, गोरखपूरचा. तिथे दर पावसाळ्यात शेकडो मुलं मेंदूज्वराने जायची. आधी जपानी मेंदूज्वर, मग 'अज्ञात विषाणू' म्हणत वर्षं गेली. अखेर २०१५ नंतर नीट शोधलं तेव्हा साठेक टक्के मुलांच्या रक्तात स्क्रब टायफसच्या खुणा मिळाल्या. तो विषाणू नव्हेच, झुडपातल्या बारीक किड्यातून येणारा जंतू. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालतं. तेच, जे आपल्याकडे पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून वाटतात. म्हणजे कपाटातली जुनी गोळी तिथे खरोखर मेंदू वाचवत होती, पण पेशीला कवच घालून नाही. नेमका गुन्हेगार ओळखला गेला म्हणून. येऊरच्या जंगलात किंवा माळशेजला ट्रेकला जाऊन आलेला मुलगा तापाने बरळायला लागला तर मी काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली शोधतो. पाच मिनिटांचं काम. ज्याला शंका येईल त्याने ॲसायक्लोविरबरोबर डॉक्सिसायक्लिनही सुरू करावं, रिपोर्ट येईपर्यंत.

आता भाच्याकडे परत. तुम्ही 'उरलेल्या पेशी वाचवायला' विचारलंत. कशापासून वाचवायच्या, हाच आजचा प्रश्न आहे.

२१ दिवसांच्या औषधाने त्याचा विषाणू बहुधा संपलाय. पण हर्पिसने मेंदूच्या पेशी फोडल्या तेव्हा आतला माल बाहेर सांडला. शरीराच्या संरक्षण दलाने तो कधी पाहिलेला नव्हता. काही जणांत हे दल त्या मालाविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती निरोगी पेशींवरच्या ग्राहींवर (पेशी जिथे निरोप घेते त्या जागांवर), बहुतेकदा एनएमडीए नावाच्या, जाऊन बसतात. स्पेनमध्ये हर्पिस मेंदूज्वराच्या ५१ रुग्णांवर पहिल्या दिवसापासून पाळत ठेवली. १४ जणांना हा दुसरा आजार झाला, आणि सगळ्यांना पहिल्या दोन महिन्यांतच. लहान मुलांत हातपाय वेडेवाकडे हलतात. मोठ्यांत झोप उडते, संशय, चिडचिड, भास. घरच्यांना वाटतं पोरगं आजाराने वैतागलंय किंवा वेडं व्हायला लागलंय. काही जणांना मानसोपचाराच्या गोळ्यांवर आठवडे काढावे लागतात. वाचलंत ना, तुम्ही काय लिहिलंय ते?

मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा हेच आहे असं छातीठोक सांगत नाही. आजार पुन्हा उसळलेला असू शकतो, आत छुपे झटके चालू असू शकतात, सुरू असलेल्या फिटच्या गोळीचाही स्वभावावर परिणाम होतो. काही फिटच्या गोळ्या माणसाला नुसतं चिडकं करतात. म्हणून अंदाज नको, तपासणी हवी. पुन्हा पाठीतलं पाणी काढतील. त्यात हर्पिसचा पीसीआर आणि प्रतिपिंडांची तपासणी दोन्ही करायला सांगा. ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) होईल, कदाचित एमआरआय. पीसीआर कोरा येईपर्यंत ते ॲसायक्लोविर पुन्हा लावतील, लावू द्या.

आणि प्रतिपिंडं सापडली, तर जे उपचार होतील ते ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. जोरदार स्टिरॉइड, रक्तदात्यांच्या प्रतिपिंडांची बाटली, आणि त्याने भागलं नाही तर रिटुक्सिमॅब, जे १९९७ मध्ये लिंफ ग्रंथींच्या कर्करोगासाठी मंजूर झालं होतं. म्हणजे तीन रात्री तुम्ही जे शोधत होतात ते, मेंदूच्या पेशी वाचवणारं दुसऱ्या आजाराचं औषध, खरंच आहे. इथल्या मोठ्या हॉस्पिटलांत मिळतंही. फक्त ते विषाणूपासून वाचवत नाही, विषाणू गेल्यावर मागे राहिलेल्या भांडणापासून वाचवतं. लवकर दिलं तर बरीच सुधारणा होते.

ॲसायक्लोविरच्या गोळीरूपातल्या भावाबद्दल, व्हॅलासायक्लोविरबद्दल, तुम्ही पुढे विचारणारच, म्हणून आताच सांगतो. सलाईनचा कोर्स पूर्ण झाल्यावर ती तीन महिने दिली तर स्मरणशक्ती जास्त सुधारते का, हे तपासून झालंय. नाही सुधारत.

विसरण्याबद्दल: सकाळचं संध्याकाळी न आठवणं हे पहिल्या आजाराचं देणं आहे, आणि ते महिनोन् महिने सावकाश कमी होतं, पूर्ण जाईलच असं नाही. एकच वही, एकच जागा, ठरलेल्या वेळा, फोनमध्ये गजर. परीक्षेचं वर्ष असेल तर कॉलेजला सर्टिफिकेट देऊन यंदा सोडा. बाईकची किल्ली तुमच्या खिशात ठेवा. झटका येऊन गेलेल्या मुलाने घोडबंदर रोडवर गाडी चालवायची नाही, तो कितीही म्हणाला तरी. आणि ताईंना समजवा की जेवणात काही कालवते असं पोरगं म्हणतंय ते त्याचं बोलणं नाही. ही गोष्ट आयांना फार लागते, आणि त्या कुणाला सांगत नाहीत.

जाताना डिस्चार्ज कार्ड, पहिल्या पाण्याचा रिपोर्ट, एमआरआयची सीडी (फिल्म नको, सीडी), आणि सुरू असलेल्या गोळ्यांच्या स्ट्रिप घेऊन जा. चार दिवसांत तो किती तास झोपला आणि काय काय बोलला ते ताईंकडून तारखेनिशी कागदावर लिहून घ्या. कळव्याहून निघायचं तर संध्याकाळची सहा ते नऊ ही वेळ टाळा, पुलावर अडकाल. आणि मिनोसायक्लिनच्या त्या दोन स्ट्रिप फोडल्या नसतील तर बिलासकट मेडिकलमध्ये परत द्या.